घरून एक रुपया न घेता पुण्यात कॉलेज करायचंय? आधी कागद, मग सीट, मग नोकरी

घरून पैसे मिळणार नाहीत हे एकदा नक्की झालं की बहुतेक मुलंमुली पहिल्यांदा पार्टटाइम जॉब शोधायला लागतात. माझं म्हणणं असं की जॉब तिसऱ्या नंबरला ठेव. पहिल्या नंबरला कागद, दुसऱ्या नंबरला कुठली सीट घ्यायची ते, आणि मग जॉब. कारण साधं आहे, पुण्यात कॉलेज सांभाळून जे काही कमावता येतं ते कॉट बेसिसचं भाडं, मेस आणि बसचा पास यातच जातं, त्यातून लाखाची फी भरणं जवळपास अशक्य. फी कमी करायची ती शिष्यवृत्तीने आणि योग्य सीटने, उरलेली कर्जाने, आणि पोट भरायचं ते कामाने. या दोन खर्चांची सरमिसळ केली की मुलं रात्रपाळ्या करत बसतात, अटेंडन्स जातो, वर्ष जातं आणि वर्ष गेलं की शिष्यवृत्तीपण जाते.

आधी एक गोष्ट स्वतःशी स्पष्ट कर. घरचे देत नाहीत म्हणजे नेमकं काय? देऊ शकत नाहीत, की देऊ शकतात पण देणार नाहीत (मुलीला एवढं शिकवून काय करायचं, किंवा आम्ही सांगतो तोच कोर्स कर नाहीतर तुझं तू बघ), की घरचे असं कोणी नाहीच? तिन्ही ठिकाणी रस्ता वेगळा आहे. पहिल्या प्रकारात सरकारी योजना बऱ्यापैकी साथ देतात. दुसरा प्रकार सगळ्यात अवघड, कारण सरकारला तुझं घरात काय भांडण आहे ते दिसत नाही, त्याला फक्त वडिलांच्या नावावरचा उत्पन्नाचा आकडा दिसतो, आणि तो ८ लाखांच्या वर असेल तर महाडीबीटीवरचे (राज्य सरकारचं शिष्यवृत्त्यांचं पोर्टल) बरेचसे दरवाजे तिथेच बंद होतात. तिसऱ्या प्रकारातल्यांसाठी राज्यात अनाथ मुलांना १ टक्का आरक्षण आहे, त्यासाठी महिला व बालविकास विभागाचं अनाथ प्रमाणपत्र लागतं, आणि तंत्रशिक्षण घेणाऱ्यांसाठी एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) स्वनाथ शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ५० हजार.

कागद

हे मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे कारण सगळ्यात जास्त मुलं इथे अडकतात.

आईवडिलांचे पैसे नको असले तरी त्यांचे कागद लागतात. उत्पन्नाचा दाखला त्यांच्याच नावाने निघतो, जातीच्या दाखल्याला वडिलांकडचे पुरावे लागतात, कर्जाला सहकर्जदार म्हणून बहुतेक वेळा त्यांचीच सही लागते. म्हणून घरात कितीही वाजलेलं असलं तरी पैशाचा विषय आणि कागदाचा विषय वेगळा ठेव. सही मागायला जाशील तेव्हा फीचं नाव काढू नको. "मला पैसे नकोत, फक्त हा दाखला काढायला कागद द्या" एवढंच बोल, आणि वडील अजिबात ऐकत नसतील तर आई, आजोबा, काका, मामा, शाळेतले सर, कुणाच्या तरी तोंडून ते जाऊ दे. पैसे द्यायला नाही म्हणणारी माणसं कागद द्यायला बहुतेक वेळा नाही म्हणत नाहीत, फक्त चिडलेली असताना विचारलं की सगळ्यालाच नाही म्हणतात.

काय काय जमवायचं: तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला (पगारदार असतील तर फॉर्म १६ किंवा रिटर्न, गावाकडे तलाठ्याचा अहवाल), वय अधिवास दाखला, रेशनकार्डची कॉपी, लागू असेल तर जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन क्रीमी लेअर किंवा ईडब्ल्यूएसचं (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) सर्टिफिकेट, शाळा सोडल्याचा दाखला, दहावी बारावीच्या मार्कशीट, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅप सर्टिफिकेट. यातले बरेचसे आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून निघतात. उत्पन्नाचा दाखला साधारण ३१ मार्चपर्यंत चालतो, त्यामुळे मार्चमध्ये काढून काही उपयोग नाही, एप्रिल-मेमध्ये काढ, जूनमध्ये सेतूवर पाय ठेवायला जागा नसते. जात वैधतेला मात्र महिनोन् महिने लागू शकतात, ते अकरावी-बारावीतच लावून टाक.

मार्कशीट घरच्या कपाटात असतील आणि तिकडे जाता येत नसेल तर घाबरू नको, महाराष्ट्र बोर्डाच्या मार्कशीट डिजिलॉकरवर मिळतात, आणि मूळ प्रत खरंच हरवली असेल तर बोर्डाच्या विभागीय ऑफिसातून दुय्यम प्रत काढता येते, पुण्याचं ते ऑफिस शिवाजीनगरला आहे.

आणि बँक खातं. तुझ्या स्वतःच्या नावावर, तुझ्याच मोबाइल नंबरवर, आणि आधार त्याच खात्याला सीड झालेलं, म्हणजे सरकारी पैसे याच खात्यात यावेत अशी नोंद झालेलं. वडिलांचा नंबर असलेल्या जुन्या जॉइंट खात्यात शिष्यवृत्ती जमा झाली की पुढे काय होतं ते मी सांगायला नको. लिंक असणं आणि सीड असणं यात फरक आहे, शिष्यवृत्तीचे पैसे ज्या खात्याला आधार सीड आहे त्याच खात्यात जातात, बँकेत जाऊन फॉर्म भरून दे आणि झालंय का ते आधारच्या साइटवर तपासून बघ.

सीट

आता सीट. तू कितीही काम केलंस तरी चुकीच्या सीटची फी तुला झेपणार नाही.

साधं बीए, बीकॉम, बीएस्सी करायचं असेल तर कॉलेजात आधी विचार, ही तुकडी अनुदानित आहे का? एकाच कॉलेजच्या एकाच बिल्डिंगमध्ये अनुदानित तुकडीची फी काही हजारांत असते आणि शेजारच्या विनाअनुदानित तुकडीची किंवा बीबीए, बीसीए टाइप कोर्सची कितीतरी पट. प्रॉस्पेक्टसमध्ये हे बारीक अक्षरात असतं, ऑफिसमध्ये तोंडी विचारून घे.

इंजिनिअरिंग, फार्मसी वगैरे असेल तर प्रवेश कॅप राउंडमधूनच (सरकारची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) घ्यायचा. हे ठळक करून ठेव. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, जिला सगळे ईबीसी म्हणतात, ती कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर ट्यूशन फी आणि परीक्षा फीच्या ५० टक्के देते, पण कॅपमधून आलेल्यांनाच, आणि एका कुटुंबातल्या दोनच मुलांना. मुलींसाठी तर २०२४-२५ पासून मोठा बदल झालाय, ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी १०० टक्के माफ. ताई, तुला घरी कोणी "मुलीच्या शिक्षणावर एवढा खर्च" असं म्हणत असेल तर हा शासन निर्णय (८ जुलै २०२४) प्रिंट काढून हातात ठेव. एससी, एसटीच्या मुलामुलींना फीची योजना वेगळी आहे आणि ती जास्त कव्हर करते, तुझ्या प्रवर्गाची नेमकी योजना महाडीबीटीवर लॉगिन करून पात्रता टाकली की दिसते.

पण मॅनेजमेंट कोटा किंवा इन्स्टिट्यूट लेव्हलची (कॉलेज स्वतः भरतं ती) सीट घेतली की ईबीसी आणि मुलींची माफी दोन्ही गेलं. अभिमत आणि खाजगी विद्यापीठांतही या दोन्ही लागू नाहीत, आणि पुण्यात तर आजूबाजूला अशी विद्यापीठं भरपूर आहेत, जाहिराती त्यांच्याच जास्त दिसतात. कुणी एजंट म्हणाला की आत्ता सीट घे नंतर स्कॉलरशिप लावून देतो, तर तिथून उठून ये. डोनेशन मागणं तर कायद्यानेच बंद आहे, महाराष्ट्रात १९८७ पासून.

अजून एक, ईबीसीमध्ये ट्यूशन फीच येते, डेव्हलपमेंट फी येत नाही, हॉस्टेल, बस, डिपॉझिट तर नाहीच. त्यामुळे "निम्मी फी माफ" ऐकून निम्म्या आकड्याचं बजेट करू नको. व्यावसायिक कॉलेजांची वर्षाची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि त्यांच्या साइटवर कॉलेजवार आकडे असतात, प्राधान्यक्रम भरायच्या आधी दहा-बारा कॉलेजांचे आकडे वहीत लिहून काढ. दोन मार्कांनी वरच्या कॉलेजापेक्षा तीस हजारांनी स्वस्त कॉलेज तुझ्यासाठी चांगलं असू शकतं, आणि हे म्हणायला मला अजिबात वाईट वाटत नाही.

दहावीनंतरच समजलं असेल की घरून काही येणार नाही, तर डिप्लोमाचा रस्ता नीट बघ. शासकीय तंत्रनिकेतनची फी कमी, तीन वर्षांनी हातात नोकरीला चालेल असं काहीतरी, भोसरी चाकणकडच्या कारखान्यांत अप्रेंटिस म्हणून लागता येतं, वर्षभर पैसे साठवून मग इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. म्हणजे एक वर्षाची फी तिथेच वाचली. आणि फुलटाइम नोकरी सोडणं शक्यच नसेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, इग्नू, पुणे विद्यापीठाची मुक्त अध्ययन प्रशाला, हे तिन्ही पर्याय पुण्यात बसून करता येतात. डिग्री ती डिग्री, स्पर्धा परीक्षेला चालते.

फॉर्म भरताना

महाडीबीटीचा फॉर्म सायबर कॅफेवाल्याला भरायला देऊन मोकळं होऊ नको. युजरनेम पासवर्ड तुझ्याकडे पाहिजे. सबमिट केला म्हणजे झालं असंही नाही, तो आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, मग विभागाकडे. कॉलेजात क्लार्कने काहीतरी चूक बघून सेंड बॅक केला आणि तू दोन महिने लॉगिनच केलं नाहीस तर मुदत संपते आणि त्या वर्षाचे पैसे गेले. दर आठवड्याला एकदा लॉगिन करून बघायचं. आणि स्कॉलरशिप सेक्शनला जे कुणी सर किंवा मॅडम बसतात त्यांच्याशी ओळख ठेव, नम्रपणे, पण सारखं जाऊन विचार.

पैसे उशिरा येतात, हे गृहीतच धर. कधी वर्ष संपल्यावर येतात. तोपर्यंत कॉलेज पूर्ण फी मागायला लागलं तर लक्षात ठेव, शिष्यवृत्तीला पात्र मुलांकडून आधी पूर्ण फी घेऊ नका असं शासनाने कॉलेजांना बजावलेलं आहे. भांडायला जाऊ नको, प्राचार्यांच्या नावाने अर्ज लिही, सोबत महाडीबीटीची पावती जोड, बाकीच्या रकमेचे तीन-चार हप्ते माग आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घे. तोंडी विनंती कोणाच्या लक्षात राहत नाही, शिक्का मारलेला कागद राहतो.

महाडीबीटीच्या बाहेरचंही बघ. बोर्डात वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असशील आणि उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर केंद्राची सेंट्रल सेक्टर शिष्यवृत्ती आहे, पदवीला वर्षाला १२ हजार, नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. तंत्रशिक्षणातल्या मुलींना एआयसीटीईची प्रगती, वर्षाला ५० हजार. मूळ विज्ञान शिकणाऱ्या आणि बोर्डात अगदी वरच्या एक टक्क्यात आलेल्यांना इन्स्पायर, वर्षाला ८० हजारांपर्यंत. पुणे महापालिकेच्या हद्दीत राहणाऱ्यांना दहावीनंतर १५ हजार (मौलाना आझाद योजना) आणि बारावीनंतर २५ हजार (अण्णा भाऊ साठे योजना) मिळतात, साधारण ८० टक्के मार्क लागतात, रात्रशाळेतल्या मुलांना अट सैल आहे. पुण्यातल्या मुलींनी लीला पूनावाला फाउंडेशनची जाहिरात कधी येते त्यावर लक्ष ठेवावं. सगळं एकत्र घेता येतं असं मात्र नाही, दोन योजना चालतात का ते प्रत्येकीच्या अटींत वाच.

राहणं-जेवणं

एकेकाळी याच पुण्यात गरीब मुलं वार लावून जेवायची, सोमवारी एका घरी मंगळवारी दुसऱ्या घरी, माधुकरी मागून शिकलेली माणसं पुढे मोठी झाली. त्या काळातल्या गरजेतून उभ्या राहिलेल्या संस्था आजही आहेत आणि बाहेरगावच्या मुलांना त्यांची नावंच माहीत नसतात. पुणे विद्यार्थी गृह १९०९ पासून आहे. विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ पासून, ग्रामीण भागातल्या गरजू मुलामुलींसाठी त्यांची वसतिगृहं आहेत, मुलाखत घेऊन प्रवेश देतात आणि तिथे कामंही करावी लागतात. बारावीचा निकाल लागला की लगेच चौकशी कर, जागा लवकर भरतात.

समाजकल्याणच्या शासकीय वसतिगृहाला अर्ज कर, आणि तिथे नंबर लागला नाही तर एससी आणि नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार योजना आहे, पुण्यासारख्या शहरात राहण्या-जेवण्यासाठी वर्षाला ६० हजार. एसटीसाठी स्वयम्, ओबीसी-भटक्या-विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना, साधारण त्याच धर्तीवर. आईवडील अल्पभूधारक शेतकरी किंवा नोंदणीकृत मजूर असतील तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. याची चौकशी विश्रांतवाडीच्या सामाजिक न्याय भवनापासून सुरू कर, तुझा विभाग दुसरा असेल तर कुठे जायचं ते तिथे कळतं.

हे काहीच जमलं नाही तर पेठांमध्ये कॉट बेसिस, म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्याने. डिपॉझिट किती, परत कधी, लाइटबिल कोणाचं, हे व्हॉट्सॅपवर लिहून घे. मेस महिन्याची लावताना खाडे धरतात का विचार, सुट्टीत गावी गेल्यावर पैसे वाचतात. मेट्रोत विद्यार्थ्यांना ३० टक्के सवलत आहे, पीएमपीचा (शहर बस) विद्यार्थी पास आहे, आयकार्ड मिळालं की त्याच आठवड्यात दोन्ही कर.

काम

पहिलं काम कॉलेजातच शोध. कमवा व शिका योजना, जिच्यामागे कर्मवीर भाऊराव पाटलांचा विचार आहे, ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आणि संलग्न कॉलेजांत चालते. लायब्ररी, ऑफिस, लॅब, बाग असं काम, तासावर मानधन. पैसे फार नसतात पण लेक्चर बुडत नाहीत आणि ऑफिसच्या लोकांशी ओळख होते, जी स्कॉलरशिपच्या वेळी कामाला येते. विद्यार्थी विकास अधिकारी कोण ते विचार आणि जून-जुलैतच नाव दे.

बाहेरची कामं: शाळेच्या मुलांच्या शिकवण्या (तासाला सगळ्यात जास्त पैसे यातच सुटतात, कोथरूड-कर्वेनगर भागात मागणी कायम असते), ऑनलाइन परीक्षांच्या केंद्रांवर रविवारी पर्यवेक्षक, लग्नसराईत मंगल कार्यालयांत वाढप्याचं काम, दिवाळीत लक्ष्मी रोड-तुळशीबागेतल्या दुकानांत जादा माणसं लागतात, जूनमध्ये अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत. सुट्टीत आणि सणात जास्त काम कर, परीक्षेच्या महिन्यात अजिबात नको. रात्रपाळीचं कॉल सेंटर पहिल्या वर्षी घेऊ नको, पैसे बरे असतात पण सकाळच्या प्रॅक्टिकलला उठणं होत नाही.

कर्ज

सगळ्यात शेवटी कर्ज, आणि जेवढं कमी लागेल तेवढंच. सरकारी बँकेकडूनच. ४ लाखांपर्यंत तारण मागता येत नाही, साडेसात लाखांपर्यंतही सरकारी हमी योजनेखाली तारणाशिवाय मिळतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना आहे, यादीतल्या संस्थांत मेरिटवर प्रवेश मिळाला असेल तर तारणही नको आणि जामीनदारही नको, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिकतानाच्या काळात ३ टक्के व्याज सवलत. तुझं कॉलेज यादीत आहे का ते आधी पोर्टलवर बघ. आईवडील सही करणारच नसतील तर मोठी बहीण, भाऊ, मामा सहकर्जदार चालतील का हे मॅनेजरला थेट विचार, एका शाखेने नाही म्हटलं म्हणजे सगळीकडे नाही असं नसतं. "तुमच्या गावच्या शाखेत जा" असं सांगून परत पाठवलं तर शैक्षणिक कर्ज पत्ता हद्दीत नाही म्हणून नाकारू नका असं रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे हे शांतपणे सांग आणि नकाराचं कारण लेखी माग.

हिशोब आधी करून बघ. दर वर्षी १ लाख याप्रमाणे चार वर्षांत ४ लाख उचलले, व्याज १० टक्के साधं धरलं आणि हप्ता पाचव्या वर्षाच्या शेवटी सुरू झाला, तर तोपर्यंत १ लाख ४० हजार व्याज चढलेलं असतं, म्हणजे ५ लाख ४० हजार, आणि दहा वर्षांचा हप्ता महिन्याला ७१०० च्या आसपास. पहिल्या पगारातून हे जाणार आहेत. शिकताना थोडं थोडं व्याज भरत गेलं तर ते चढत नाही, आणि काही बँका त्यासाठी दरात सवलतही देतात. शिष्यवृत्तीचे अडकलेले पैसे उशिरा आले की ते खर्च न करता थेट कर्जात टाक.

मोबाइलवरच्या झटपट लोन ॲपकडून फीसाठी एक रुपयाही घेऊ नको, कितीही शेवटची तारीख असली तरी. त्या दिवशी हप्त्याचा अर्ज घेऊन प्राचार्यांच्या केबिनबाहेर बस.

पहिलं वर्ष पार पडलं की दुसऱ्या वर्षी हे सगळं आपोआप चालू राहत नाही, महाडीबीटीला नूतनीकरणाचा फॉर्म वेगळा भरावा लागतो, उत्पन्नाचा दाखला बहुतेक वेळा नवा लागतो, वसतिगृहाला निकाल दाखवावा लागतो, बँकेला पुढच्या वर्षाचं फी स्ट्रक्चर आणि मार्कशीट द्यावी लागते तेव्हाच पुढचा हप्ता सुटतो. म्हणून एप्रिलमध्ये पेपर संपले की गावी जायच्या आधी एक दिवस यासाठीच काढ, आणि गावी गेल्यावर तलाठ्याकडे जाऊनच परत ये.